शकाचे नाव आणि एदोचे रहिवासी



आपल्या पंचांगात राजा कोणीही येवो, शालिवाहन शकाचा आकडा पुढे चालत राहतो. जपानात तसे नव्हते. १६०३ ते १८६८ या काळात सत्ता तोकुगावा शोगुनांची, त्यांची राजधानी एदो, म्हणजे आजचे तोकियो. सम्राट मात्र क्योतोला. या २६५ वर्षांत शकाची नावे झाली ३६! नवा सम्राट आला की नवे नाव, साठ वर्षांच्या चक्रातील ठराविक वर्ष आले की नवे नाव. आणि आग, भूकंप, दुष्काळ यांनी गांजले म्हणजेही नवे नाव. पंडितांनी ते जुन्या चिनी ग्रंथांतून शोधायचे, घोषणा सम्राटाने करायची. संमती मात्र एदोची लागे. मूल जगत नाही म्हणून पुढच्याचे नाव धोंडू ठेवणाऱ्या आपल्या आजीबाईंना यात नवल वाटले नसते.

१६५७ साली, मेइरेकी शकात, एदोला आग लागली. घरे लाकडाची, दारे कागदाची. तीन दिवसांत बहुतेक शहर जळाले; मृतांचा आकडा लाखापर्यंत सांगतात. पुढच्या वर्षी शक बदलला, तो मान्जी. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. सुमिदा नदीवर जवळपास पूल नव्हता म्हणून असंख्य लोक काठावर कोंडून मेले होते. तेथे र्‍योगोकु पूल झाला. आग पसरू नये म्हणून रुंद पट्टे मोकळे सोडले. पुढे १७२० च्या सुमारास पेठांपेठांतून रहिवाशांची आग विझवणारी पथके उभी राहिली. पाणी मारण्यापेक्षा वाऱ्याच्या वाटेवरची घरे पाडणे, हे त्यांचे मुख्य काम.

आणि सामान्य माणसाच्या कनवटीला काय होते? १६३६ पासून पाडलेले, मध्ये चौकोनी भोक असलेले नाणे. त्यावर कान्एइ या शकाचे नाव. तो शक १६४४ साली संपला, तरी शोगुनशाहीच्या अखेरपर्यंत नव्या नाण्यांवर तेच नाव उमटत राहिले!

लोक या नावांची थट्टाही करीत. १७७२ हे मेइवा शकाचे नववे वर्ष. नऊला जपानीत 'कु' म्हणतात. 'मेइवा-कु' एका दमात म्हटले की 'मेइवाकु' होते, म्हणजे त्रास. त्याच वर्षी एदोला पुन्हा भयंकर आग लागली. वर्ष सरण्यापूर्वीच नाव बदलून आन्एइ केले.

१८५३-५४ मध्ये अमेरिकेची काळी जहाजे आली, क्योतोचा राजवाडा जळाला, मोठे भूकंप झाले. म्हणून १८५५ च्या जानेवारीत शक आला आन्सेइ, म्हणजे शांततेचा कारभार. त्याच नोव्हेंबरात भूकंपाने एदोत हजारो माणसे गेली. भूमीखालचा मोठा मासा हलला की धरणी कापते, अशी तेथील समजूत. लगेच त्या माशाची रंगीत चित्रे बाजारात आली. काहींत लोक त्याला बडवीत आहेत, तर काहींत सुतार आणि गवंडी त्याची सरबराई करीत आहेत, कारण मोडलेली घरे बांधताना मजुरी त्यांनाच मिळणार! सरकारने चित्रांवर बंदी घातली. १८५८ साली पटकीची साथ आली. १८६० साली शक पुन्हा बदलला, मान्एन. अर्थ, दहा हजार वर्षे लांबणारा. तो वर्षभरही टिकला नाही.