गुणपत्रिकेमागील सभागृह

(पांढुर्णा येथे दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांतील गुणवंतांचे कौतुक करण्यासाठी आज आपण जमलो आहोत. अशा समारंभात पालक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. खेळाडूंचा गौरव विधिमंडळात होतो, मग परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा का होऊ नये? प्रश्न रास्त आहे. ५ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या विधान भवनात विश्वविजेत्या क्रिकेट संघातील चार खेळाडूंचा सत्कार झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या प्रतिनिधिगृहात तर अभिनंदनपर ठरावांसाठी स्वतंत्र कार्यसूची असते आणि शालेय विद्यार्थ्यांच्या यशाची नोंदही तेथील ठरावांतून होते.

तथापि, आपल्या विधानसभेने विद्यार्थ्यांची दखल घेतलेलीच नाही, असे म्हणणे योग्य होणार नाही. आपली गुणपत्रिका हाती घेऊन पाहा. ती देणारे भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ विधानसभेने संमत केलेल्या १९६५ च्या अधिनियमान्वये स्थापन झाले आहे. म्हणजे त्या कागदाच्या पाठीशी सभागृहाचा कायदा उभा आहे.

दुसरी दखल अर्थसंकल्पातून घेतली जाते. बारावीला ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्यात येतात. ४ जुलै २०२५ रोजी राज्यातील ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. एकूण रक्कम २३५ कोटींहून अधिक होती. विधानसभेच्या मंजुरीवाचून शासनाच्या तिजोरीतून एक पैही खर्च करता येत नाही. ठरावाचा कागद भिंतीवर टांगता येतो. या रकमेने पुढचा अभ्यास करता येतो.

आपल्या भागातील विद्यार्थ्याच्या यशाला आणखी एक पैलू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसरसह छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरी, शेतात, संत्र्याच्या बागेत मराठी बोलणारे आपले मूल बहुधा हिंदीतून उत्तरपत्रिका लिहिते. मी स्वतः याच वाटेने शिकलो. माझी गुणपत्रिका मीच आईला मराठीत समजावून सांगितली होती. १९५६ सालीच संविधानात समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगतो. मंडळाच्या परीक्षेत मराठी हा विषयही घेता येतो. ही सोय मागणाऱ्यासाठी आहे. पालकांनी ती मागितली पाहिजे.

शेवटचे सांगणे पालकांना आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. आठवीनंतर त्याचा आधार संपतो. नववीत मुलीचे नाव ठेवावे की काढावे, दहावीनंतर तिला पुढे पाठवावे की घरकामाला लावावे, याचा निर्णय कोणत्याही सभागृहात होत नाही. तो आपल्या ओसरीवर होतो. ७५ टक्क्यांची रक्कम बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलीलाच मिळते. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीला कोणता ठराव आणि कोणती योजना उपयोगी पडणार?

आज येथे सत्कार झालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी असा निर्णय एकदा झाला आणि तो तिच्या बाजूने झाला. विधानसभेने कायदा केला, निधी मंजूर केला. त्यापुढील संमती आपण दिलीत. म्हणून या सत्कारातला अर्धा वाटा मी पालकांच्या पदरात टाकतो, आणि शेजारच्या घरीही हीच संमती मिळावी यासाठी आपण शब्द टाकावा, अशी विनंती करून माझे दोन शब्द संपवितो.