कमाटीबागेतले जग

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. राजाने देशोदेशींहून जमवलेल्या कलावस्तू राजवाड्यातच राहायच्या, अशी त्या काळची रीत. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी मात्र मोठा संग्रह लोकांसाठी बागेत मांडला. विश्वामित्रीकाठची ही सयाजीबाग १८७९ सालची. बडोदेकरांच्या तोंडी ती अजूनही कमाटीबागच. तिथली संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये उभी राहिली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या राजाने पुढे आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हे संग्रहालय मला त्याच कामाचा भाग वाटते. शाळेत न गेलेला माणूसही बागेत फिरायला येतोच.

शेजारची चित्रशाळा १९१४ मध्ये बांधून झाली. लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांनी तिच्यासाठी युरोपातली चित्रे निवडली होती, पण महायुद्ध पेटले आणि ती वेळेवर येऊ शकली नाहीत. चित्रशाळा खुली झाली ती १९२१ मध्ये. आज युरोपीय तैलचित्रांबरोबर जपान, तिबेट आणि नेपाळच्या वस्तूही इथे एकाच फेरीत पाहता येतात. मुलांची गर्दी असते ती इजिप्तच्या ममीपाशी आणि १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी.

माझे पाय मात्र अकोट्याच्या मूर्तींपाशी थांबतात. अकोटा म्हणजे बडोद्याचाच एक भाग. १९५० नंतर तिथे पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, आणि उमाकांत शहा यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांतली चामरधारिणी पाहा. कमरेचा हलका बाक, अंगावरचे दागिने, चेहऱ्यावरची शांत तृप्ती! दुसरी मूर्ती जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या राजपुत्र महावीरांची. म्हणून त्यांच्या मस्तकी मुकुट आहे. युरोपातून हौसेने आणलेल्या कुठल्याही चित्रापुढे या मूर्ती तसूभरही उण्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्याला जाणारे आपले लोक राजवाडा पाहतात, भाकरवडी घेतात आणि गाडी पकडतात. पुढच्या खेपेस कमाटीबागेसाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. मुलांना ममी दाखवाच, पण आधी अकोट्याच्या मूर्ती पाहा. पाय थकण्यापूर्वी, डोळे ताजे असतानाच.