मीठ, रक्तदाब आणि आनुवंशिकता
आहारातील मीठ वाढले की काहींचा रक्तदाब चढतो, तर काहींचा फारसा हलत नाही. या लवण-संवेदनशीलतेला आनुवंशिक पाया असल्याचे अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी 1962 मध्ये उंदरांचे संवेदनशील आणि प्रतिरोधक असे दोन वंश निवडक प्रजननाने वेगळे करून दाखवले. पुढे या वंशांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल केली असता रक्तदाब बहुतांशी रोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या वंशाप्रमाणे बदलला, त्यामुळे सोडियम, म्हणजे मिठातील मूलद्रव्य, शरीराबाहेर टाकणाऱ्या या अवयवाकडे लक्ष वेधले गेले. तरीही आनुवंशिकतेला अंतिम मानणे घाईचे ठरते, कारण त्याच संवेदनशील उंदरांना केसीन या दुधातील प्रथिनाऐवजी धान्याधारित खाद्यावर वाढवल्यास रक्तदाबवाढ आणि मूत्रपिंडाची हानी, दोन्ही सौम्य राहतात. मानवात लिडल सिंड्रोमसारख्या दुर्मिळ विकारात एकच सदोष जनुक मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावते. एरवी अनेक जनुके, वय आणि आहारातील पोटॅशियम यांचा एकत्रित प्रभाव असतो.