पेशीच्या पटलावरचा उजेड



पालघर जिल्ह्यातल्या गासला जमलेल्या या सभेत रक्त तपासणारे आहेत, तसे विज्ञानावर मराठीत लिहिणारेही आहेत. दोघांच्याही कामाचा एक विषय आज मांडायचा आहे: पेशीच्या मेदपटलाची उजेडाने होणारी तपासणी.

हे पटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे. ते मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, हे 1925 मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवले, तेही रक्तावरूनच. तांबड्या पेशींतला मेद त्यांनी पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, त्या एकमेकींना सावरून गेल्या. निष्कर्ष मात्र शंभर वर्षे टिकला.

इतकी पातळ गोष्ट पाहायची तर तिला चमकणारा रंग जोडावा लागतो. औषधशोधात मेदाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांत कॅल्सीन हा रंग दाटीने भरतात. दाटीमुळे त्याची चमक दबलेली असते. एखाद्या औषधाने पटलाला भोक पाडले की कॅल्सीन बाहेर येते आणि उजळते. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर मेदपटलाच्या बारीक, चमकत्या नळ्या तयार केल्या. डायनामिनसारखे प्रथिन अशी नळी कसे तोडते, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

पालघरच्या दृष्टीने अधिक जवळचे काम मात्र मुंबईत परळला झाले. केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिची सुरुवात 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. त्याआधी 1952 मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला होता, म्हणजे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागाकडे बारकाईने पाहण्याची परंपरा या शहराला जुनी आहे. याच संस्थेतल्या प्रभाकर केदार, रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये इओसिन-मॅलेमाइड या रंगाच्या चाचणीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला.

ही चाचणी आनुवंशिक स्फेरोसायटोसिस हा आजार ओळखते. तांबड्या पेशीच्या पटलाला आतून प्रथिनांच्या सांगाड्याचा आधार असतो. मांडवाचे बांबू निसटले की कापड जसे सैल पडून फुगते, तसे आधार सुटलेले पटल फुगते आणि त्याचे बारीक बुडबुडे तुटून जातात. पटल कमी होत गेले की चपटी पेशी गोल होते. गोल पेशीला पानथरीच्या अरुंद फटींतून जाता येत नाही, ती तिथेच अडकून नष्ट होते. मूल फिकट पडते, डोळे पिवळे होतात, पानथरी वाढते, पुढे पित्ताचे खडेही होतात.

इओसिन-मॅलेमाइड पटलातल्या ‘बँड 3’ प्रथिनाला चिकटते. बुडबुड्यांबरोबर हे प्रथिनही जाते, त्यामुळे आजारी पेशी कमी चमकते. दोष सांगाड्याच्या स्पेक्ट्रिन या प्रथिनात असो वा अँकिरिनमध्ये, उजेड बहुधा उणा पडतो. चाचणीची खरी ताकद इथे आहे. पाच मायक्रोलिटर पेशी, तासभर अंधारात ठेवलेले मिश्रण आणि पेशींची चमक मोजणारा फ्लो सायटोमीटर एवढ्यावर काम भागते. पण उजेडाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच दिवशी तपासलेल्या निरोगी माणसांच्या रक्ताशी तुलना केली तरच त्याला अर्थ येतो. घाईच्या प्रयोगशाळेत नेमकी हीच पायरी जपावी लागते.

तांबड्या पेशींच्याच दुसऱ्या एका आजारासाठी, सिकलसेलसाठी, 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले आणि आदिवासी पालघरला त्याची निकड आहे. मात्र ती चाचणी हिमोग्लोबिन पाहते. पटलाचा दोष तिच्या कक्षेत येत नाही. ‘सिकलसेल नाही’ असा अहवाल हातात आणि मुलाचे डोळे मात्र पुन्हा पुन्हा पिवळे, अशा वेळी आईबाप काविळीची माळ घालतात, पथ्य पाळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढची तपासणी कोणती, हे त्यांना सांगायला कुणी भेटलेले नसते.

म्हणून इथल्या तंत्रज्ञांना आणि डॉक्टरांना विनंती आहे. अशा मुलाचा रक्तनमुना पटलाच्या तपासणीसाठी मोठ्या केंद्राकडे पाठवा. आईवडिलांचेही रक्त तपासा, कारण हा दोष बहुतेक वेळा त्यांच्यापैकी एकाकडून आलेला असतो. अहवालात निरोगी नमुन्यांचे आकडे लिहा. आणि लिहिणाऱ्यांनी या चाचणीची माहिती मराठीत, तसेच कादोडी, वाडवळी आणि वारली या इथल्या बोलींत घरोघरी पोचेल अशी लिहावी.