फसविण्याचा खेळ

इ. स. २००५ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’ या दूरचित्रवाणीने ‘स्पेस कॅडेट्स’ नावाचा कार्यक्रम दाखविला. अंतराळप्रवासास उत्सुक अशा काही तरुण-तरुणींस, आपण रशियातील शिक्षणकेंद्रात आलो आहोत, असे भासविण्यात आले. वस्तुतः त्यांचे विमान आकाशात घिरट्या घालून इंग्लंडमधील सफोक परगण्यातच उतरले होते! तेथे विजेची सॉकेटेसुद्धा रशियन धर्तीची बसविलेली. सोबत्यांत पढविलेले नट मिसळलेले. अखेर काहींनी पाच दिवस एका बंद सांगाड्यात बसून पृथ्वीप्रदक्षिणेचा आनंद भोगला. शरीराचे वजन नाहीसे का होत नाही? यान तितके उंच जात नाही, हे उत्तर तयारच होते.

ही माणसे मूर्ख होती काय? चटकन विश्वास ठेवतील अशीच ती पारखून निवडली होती, हे खरे. परंतु शिक्षक सांगतो, सोबती दुजोरा देतो, तेव्हा शंका कोण घेईल? शाळेतले पोरही याच विश्वासावर पृथ्वी गोल मानते. त्यांनी संमती दिली ती प्रवासाला, हशाला नव्हे. मागाहून दिलेल्या बक्षिसाने ती संमती विकत घेता येत नाही.

२००७ साली नेदरलंड्समध्ये, मरणोन्मुख स्त्री आपले मूत्रपिंड तिघा रुग्णांपैकी कोणास देणार, असा कार्यक्रम झाला. ती स्त्री नटी होती. पण रुग्ण खरे होते आणि त्यांस सर्व ठाऊक होते. फसले ते प्रेक्षक, आणि तेही अवयवदानाची निकड कळावी म्हणून. ब्रिटनमधील त्या तरुणांस मात्र सत्य कळले ते सारा देश हसून घेतल्यावर.