विनोदी चित्रपटाचा शेवट



मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि चित्रपटगृहाच्या स्वस्त बाकावर झाले. चित्रपटावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. तंटा कसा मिटला म्हणजे माणसांचे समाधान होते, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, एवढाच माझा अधिकार.

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ सालचा चित्रपट आपल्यापैकी कित्येकांना पाठ आहे. पुण्यात चार तरुणांना जागा हवी. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार. मग परशुरामाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते. इथे शिरवळला औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या एकट्या पोराने खोली शोधून पाहावी, म्हणजे हा पेच किती खरा आहे ते कळेल. आता शेवटी एखाद्या चुलत्याची इस्टेट या पोरांना मिळाली असती, तर जागेचा प्रश्न सुटला असता. पण आपण रुखरुख घेऊन घरी गेलो असतो. कारण फसवले होते लीलाबाईंना. तेव्हा सत्य त्यांच्यापुढे यायला हवे, आणि क्षमाही त्यांनीच करायला हवी. तसे घडते, म्हणून आपण तृप्त होतो.

पण प्रश्न सुटलाच नाही तर? चॅप्लिनच्या १९३६ सालच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये बेकार कामगार शेवटीही बेकारच राहतो. तरी ती पोर आणि तो सडकेने बरोबर चालू लागतात आणि आपले मन भरून येते. चॅप्लिनने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता. त्यात ती ख्रिस्ती जोगीण होते आणि तो एकटा निघून जातो. तो शेवट त्याने गाळला. नोकरी देता आली नाही, पण सोबत तोडली नाही.

हे मला उशिरा समजले. एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. रोजंदारीवरचे चौघे त्यातून वगळले गेले. "पुढच्या करारात पाहू," असे मी म्हणालो आणि सही केली. संध्याकाळी पेढे वाटले. त्या चौघांतल्या एकाने पेढा खाल्ला नाही. पोरासाठी कागदात बांधून घेतला आणि सायकल काढली. पुढचा करार तीन वर्षांनी झाला, तोवर चौघेही गावी गेले होते. पगारवाढ खरी होती. पण तो पेढा मला अजून गोड लागलेला नाही.

तेव्हापासून सही करण्यापूर्वी मी माणसे मोजतो. पहिल्या प्रवेशात जे आपल्याबरोबर होते, ते शेवटच्या प्रवेशात आहेत ना? आपणही आता एखादा जुना विनोदी चित्रपट पाहाल, तेव्हा शेवटी एवढे मोजून पाहा.