लग्नाची कॅसेट : हौस नव्हे, पुरावा
(तिवसा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेली मांडणी)



नव्वदच्या दशकात आपल्याकडे लग्नात व्हिडिओ शूटिंगची पद्धत पडली. त्या कॅसेटी आजही लोखंडी पेट्यांतून पडून आहेत. त्यांकडे हौसेची वस्तू म्हणून पाहू नका, असे मला सांगायचे आहे.

१९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची, तिच्यावर दोघांनी सही करायची. आपल्यापैकी किती जणींकडे ती यादी आहे? मांडवात मांडलेले आंदण मात्र कॅमेऱ्याने टिपले आहे. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्त्रीधन सासरी ठेवले तरी मालकी बाईचीच. हक्क आहे, दाखवायला काय, हा प्रश्न आहे.

कॅसेट कायम टिकत नाही. फितीवरचा चुंबकी थर दमटपणाने सुटतो, बुरशी येते. बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. यंत्र आणि पुढच्या कॅसेटीही खराब होतात. नवे व्हीसीआर २०१६ पासून बनत नाहीत. म्हणून चालू यंत्र मिळेल तिथे आताच संगणकावर उतरवून घ्या. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. आधी कडेची प्लॅस्टिकची खूण मोडा, म्हणजे चुकून वर दुसरे चित्रण होणार नाही.

दुकानदार म्हणेल, "ताई, कंटाळवाणं काढून गाणी टाकून देतो." तो कापतो तोच भाग आंदणाचा असतो! पहिली प्रत अखंड ठेवा. काटछाट करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

मूळ कॅसेटही फेकू नका. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ साधन हजर न करता प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट आहे. प्रत कुणी, कोणत्या यंत्रावर, कधी केली, हे लिहून ठेवा.

कॅसेट बहुधा सासरीच असते. भांडण पेटल्यावर ती सापडत नाही. म्हणून एक प्रत माहेरी ठेवा. गटाने मिळून एक व्हीसीआर मिळवावा आणि हे काम सुरू करावे, एवढीच विनंती.